धनी उशीर लावतो तेव्हा

आज बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४वा आणि २५वा अध्याय सलग वाचले. ते असेच वाचावेत. शेवटच्या दिवसांवरची बरीच भाषणं लढाया, दुष्काळ आणि भूकंपापाशीच अडकतात. तिथेही प्रभू म्हणतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. पुढे ३६व्या वचनात, तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं सांगून तो दृष्टांतांकडे वळतो.

त्यांतल्या तिघांत उशीर आहे. वाईट दास मनात म्हणतो, धनी यायला वेळ आहे, आणि सोबतच्या दासांना मारू लागतो. दहा कुमारी वराची वाट बघतात, त्या वराला विलंब होतो. पैसे सोपवून गेलेला धनी बऱ्याच काळानं परततो. त्या कुमारींतल्या शहाण्या पाचजणीही झोपी गेल्या, हे सहसा कुणी सांगत नाही. झोपेबद्दल त्यांना बोल लागला नाही. त्यांनी दिव्यांसोबत भांड्यात तेल घेतलं होतं. तेव्हा जागं राहणं म्हणजे रात्ररात्र शेवटाच्या चिन्हांचे व्हिडिओ बघणं नव्हे. आणि पैसा पुरून ठेवणारा दास काय कारण देतो? मी भ्यालो. भीती घालून मंडळी जागी होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथे थांबून विचार करावा. विश्वासू दासाचं काम तर अगदी साधं आहे: घरच्यांना वेळेवर जेवण देणं.

प्रभूच्या द्वितीयागमनाच्या, म्हणजे परत येण्याच्या, तारखा कशा निघतात ते एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांच्या गणितात स्पष्ट दिसतं. दानीएल ८:१४ मधले २,३०० दिवस त्यांनी वर्षं मानली आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजली. वजाबाकी केली की १८४३ येतं. पण इसवी सनात शून्य वर्ष नाही, म्हणून १८४४. शेवटी त्यांच्या चळवळीत २२ ऑक्टोबर ही तारीख ठरली. काहींनी पीक शेतातच सोडलं. बेरीज-वजाबाकी बरोबरच होती. एक दिवस म्हणजे एक वर्ष, आणि ते वचन द्वितीयागमनाचंच, ही दोन गृहीतकं मात्र कुणी पुरेशी तपासली नाहीत. अमेरिकन रेडिओ-प्रचारक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, ती गेल्यावर २१ ऑक्टोबर.

म्हणून शेवट जवळ आल्याचं सांगणारा संदेश फोनवर आला की आधी त्यातलं वचन मागच्या-पुढच्या अध्यायासकट वाचावं. तारीख दिली असेल तर मार्क १३:३२ समोर ठेवावं, तिथेही तो दिवस पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही असंच आहे. सांगणाऱ्याचं आधीचं भाकीत काय झालं ते बघावं, अनुवाद या पुस्तकातलं १८:२२ त्यासाठीच आहे. घाईनं पैसे पाठवा, नोकरी सोडा, घर विका असं कुणी म्हणत असेल तर आधी पाळकांशी बोलावं. आणि हे सगळं होईपर्यंत तो पुढे पाठवू नये.

प्रेषित पौलानं ज्यांना पत्रं लिहिली त्या थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत हेच घडलं होतं. प्रभूचा दिवस आलाच, असं पौलाच्या नावानं पसरलं होतं. त्याच मंडळीत काहीजण काम सोडून इतरांच्या कामात लुडबुड करत होते. त्यांना पौल शांतपणे काम करून स्वतःची भाकर खायला सांगतो.

घरात मुलं घाबरली असतील तर बायबलमधलं प्रकटीकरणाचं पुस्तक उघडू नये. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र ४:१३-१८ वाचून दाखवावं. ते शोक करणाऱ्यांसाठी लिहिलंय, आणि त्याचं शेवटचं वाक्य एकमेकांना धीर द्यायला सांगतं.