खुराड्यात ऊब नव्हे, कोरडेपणा हवा

ग्वाल्हेरला पौषातले धुके उतरू लागले की लष्कर या भागातल्या ज्या घरांच्या परसात कोंबड्या आहेत, तेथे खुराड्याची प्रत्येक फट गोणपाटाने बुजवली जाते. यामागे माया असते, हे मला ठाऊक आहे. पण कोंबडीला कोरड्या थंडीपेक्षा ओल अधिक बाधते आणि चहूकडून बंद केलेले खुराडे नेमकी तीच ओल आत कोंडून ठेवते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते आणि पिसे फुलवून ती बरीच थंडी सोसते. उघडे राहतात ते तुरा, चोचीखालचे लोंबते लाल पदर आणि पाय. गारठा वाढला की आतली ऊब राखण्यासाठी या भागांकडचा रक्तप्रवाह मंदावतो, आणि पारा शून्याखाली गेला असता तुरा ओलसर असेल, तर त्याची टोके आधी फिकट व नंतर काळी पडतात. असा हिमदंश काश्मीर-लडाखकडे होतो, आणि मोठ्या एकेरी तुऱ्याच्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्याला त्याचा धोका विशेष असतो. आपल्याकडे पारा इतका क्वचितच उतरतो. मात्र तीच ओल येथे सर्दी आणि श्वासाचे विकार घेऊन येते.

ही ओल कोंबड्यांच्याच श्वासातून आणि विष्ठेतून येते, कारण ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूवरून हात फिरवावा. तळवा भिजला, तर रात्रभर हवा खेळलेली नाही असे समजावे. खुराड्याच्या जमिनीवर अंथरलेल्या गादीतले तूस मुठीत दाबून पाहावे आणि त्याचा गोळा होत असेल, तर ते उकरून कोरडे तूस मिसळावे. ओल्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनिया वायूचा वास उभ्याने कळत नाही, त्यासाठी कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकावेच लागते.

म्हणून वाऱ्याचा थेट झोत अडवावा, पण छपराखालचे, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यांच्या वरचे झरोके रात्रीही उघडे ठेवावेत. दांडी रुंद व सपाट असली की कोंबडी पोटाच्या पिसांखाली बोटे झाकून बसते. पाण्याचे भांडे रात्री बाहेर काढावे. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये, कारण तिच्या विषारी वायूने सगळा थवा एका रात्रीत दगावू शकतो. तुरा काळवंडलाच, तर तो चोळू नये किंवा आगीजवळ शेकू नये. पक्षी कोरड्या जागी वेगळा ठेवून पशुवैद्यांना दाखवावा.