देवाची भीती उरली नाही म्हणे

हल्ली एक वाक्य सारखं कानावर पडतंय. कुठे दंगल झाली, कुणी कुणाला फसवलं, पोरं आईबापाला जुमानेनाशी झाली, की कुणीतरी म्हणतंच, लोकांना देवाची भीती राहिली नाही ना म्हणून हे असं. मी स्वतः श्रद्धाळू आहे, प्रार्थना केल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, तरी हे मला पटत नाही, म्हणून आज लिहायला बसले.

१३४८ मध्ये युरोपात प्लेग पसरला तेव्हा नास्तिक माणूस शोधूनही सापडला नसता. तरी अफवा उठली की ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. पोप क्लेमेंट सहावे यांनी लेखी बजावलं की ज्यूसुद्धा याच रोगाने मरतायत आणि जिथे ज्यू राहत नाहीत तिथेही साथ आहेच. खुद्द पोपचं सांगणं, पण ऐकतो कोण! १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, आणि तिथे तर तोवर प्लेग पोचलाही नव्हता. मग त्यांच्याकडून घेतलेली कर्जं बुडवली, गहाण वस्तू परत घेतल्या, रोकड वाटून घेतली. हे वाचून अंगावर काटा आला माझ्या. भीती होती, अफवा होती, जुनं देणं होतं आणि आपल्याला कुणी जाब विचारणार नाही ही खात्री होती. श्रद्धा कमी पडली म्हणून झालं हे?

१९३४ चा बिहारचा भूकंपही आठवतो. गांधीजी म्हणाले ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. टागोरांनी जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला, खाली आपलं उत्तरही दिलं. मला टागोरांचंच पटतं, भूकंपात गेलेल्या लेकरांनी कसलं पाप केलं होतं? पण एक गोष्ट सुटत नाही मनातून, गांधीजींनी बोट दाखवलं ते आपल्याच समाजाकडे, स्ट्रासबर्गच्या लोकांनी दाखवलं शेजाऱ्याकडे. श्रद्धा दोन्हीकडे होती, फरक बोटाच्या दिशेचा. आणि समाज बिघडतो तो मला वाटतं इथेच, कारण शेजारी दोषी ठरला की आपली लबाडी, आपलं गप्प बसणं कुणी तपासतच नाही.

पुन्हा कुणी ते वाक्य म्हणालं तर मी सरळ विचारणार आहे, ज्याने फसवलं तो काय प्रार्थना करत नव्हता?