पीसीवर पास, बोर्डवर फेल: खऱ्या हार्डवेअरवर टेस्ट चालवण्याचा माझा अनुभव

आमच्या फर्मवेअरच्या (उपकरणातल्या चिपवर चालणाऱ्या कोडच्या) टेस्ट आधी फक्त पीसीवर चालायच्या. सी मधला कोड, त्यावर युनिटी हे टेस्टचं फ्रेमवर्क, हार्डवेअरला हात लावणारी फंक्शन्स खोटी, आणि काही सेकंदांत सगळं हिरवं. या पद्धतीला मी आजही नावं ठेवणार नाही, लॉजिकमधल्या बऱ्याचशा चुका तिथेच सापडतात. पण एकदा बोर्डवर तापमान शून्याखाली गेलं आणि उणे ५ ऐवजी २५१ दिसायला लागलं. तीच टेस्ट पीसीवर बिनबोभाट पास होत होती. सेन्सरकडून आलेली बाइट साध्या 'कॅर' (char) या एका बाइटच्या टाइपमध्ये ठेवलेली होती. पीसीच्या एक्स८६ प्रोसेसरवर जीसीसी कंपायलर कॅरला चिन्हासह धरतो, बोर्डवरच्या आर्मवर चिन्हाविना, आणि सी भाषेच्या नियमांत दोन्ही चालतं. पुढे कॉर्टेक्स-एम०+ या छोट्या आर्म प्रोसेसरवर चार बाइटांचा आकडा विषम पत्त्यावरून वाचला गेला आणि थेट हार्डफॉल्ट, म्हणजे चालू काम तिथेच तुटलं. पीसीचा प्रोसेसर असलं वाचन मुकाट्याने करून देतो, हा देत नाही.

क्यूईएमयू आणि रेनोड हे एम्युलेटर, म्हणजे चिपची सॉफ्टवेअरमधली नक्कल, हेही पर्याय आम्ही पाहिले. वरच्या दोन्ही गोष्टी एम्युलेटरमध्येही पकडता आल्या असत्या, हे कबूल. पण आमची खरी डोकेदुखी वायर, वीज आणि वेळ यांत होती, आणि एम्युलेटरमध्ये तेवढंच असतं जेवढं कुणीतरी त्यात लिहिलेलं असतं. म्हणून टेबलाचा एक कोपरा अडवला. एक छोटा लिनक्स पीसी, त्याला जोडलेले बोर्ड, प्रत्येकाला आपला डीबग प्रोब (पीसीवरून चिपमध्ये कोड भरणारा आणि ती थांबवणारा जोड) आणि यूएसबी-सिरीयल अडॅप्टर, वीज तोडायला रिले, म्हणजे स्क्रिप्टने चालणारा स्विच. नवीन कोड आला की बिल्ड होतो, ओपनओसीडी हे साधन तो बोर्डवर फ्लॅश करतं (चिपच्या मेमरीत लिहितं) आणि पायटेस्ट या पायथनमधल्या टेस्ट साधनाची स्क्रिप्ट सिरीयलवर येणारा निकाल वाचते. कागदावर एवढंच होतं.

निकाल बाहेर कसा काढायचा यावर थोडी वादावादी झाली. सेमीहोस्टिंग, म्हणजे डीबगरमार्फत पीसीवर छापणं, सोपं वाटतं, पण प्रत्येक प्रिंटला कोर थांबतो आणि डीबगर जोडलेला नसेल तर कोड तिथेच अडकतो. टायमिंगच्या टेस्टला ते चालण्यासारखं नव्हतं, म्हणून यूएआरटी, म्हणजे चिपचा साधा सिरीयल पोर्ट. तोही फुकट नाही. ११५२०० बॉडला एका बाइटमागे १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. ८० अक्षरांची एक ओळ जायला जवळजवळ ७ मिलिसेकंद. इंटरप्टची (चालू काम थांबवून लगेच घ्यायच्या घटनेची) टेस्ट चालू असताना मध्येच ओळ छापली तर आपण छपाईच मोजत बसतो. म्हणून टेस्ट चालू असताना नोंदी रॅममधल्या बफरमध्ये जातात आणि टेस्ट संपल्यावरच बाहेर पडतात.

निकालाच्या स्वरूपाबद्दल दोन नियम मी हट्टाने धरले. बोर्डने पाठवलेल्या पहिल्या ओळीत गिट कमिटचा हॅश (कोडच्या त्या आवृत्तीची खूण) हवाच, आणि तो स्क्रिप्टकडच्या हॅशशी जुळला नाही तर पुढे काही न बघता फेल. फ्लॅशिंग कधी कधी अर्धवट सुटतं आणि बोर्डवर कालचंच फर्मवेअर गुण्यागोविंदाने चालत राहतं, आजच्या कोडच्या नावावर सगळ्या टेस्ट पास करत. दुसरा नियम, शेवटची 'एवढ्या टेस्ट चालल्या' ही ओळ ठरलेल्या वेळेत आली नाही तर फेल. गप्प बसलेल्या बोर्डला पास म्हणायचं नाही.

पोर्टच्या नावांचा घोळ त्या मानाने किरकोळ. बोर्ड ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने लिनक्स त्यांना नंबर देतं, त्यामुळे रीबूटनंतर एकाचा नंबर दुसऱ्याला जातो. प्रोब आणि अडॅप्टर दोन्ही त्यांच्या सिरीयल नंबरवरून ओळखायचे, आणि दोन जॉब एकाच बोर्डवर तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक बोर्डमागे एक लॉक फाइल.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो विजेने. काही टेस्ट कधी पास, कधी फेल. टीममध्ये लगेच सूचना आली की फेल झाली की आपोआप तीनदा चालवू, एकदा पास झाली की झालं. मी याला ठाम विरोध केला, आजही करतो. शेतात किंवा कारखान्यात बसलेलं उपकरण आपल्याला तीन संधी देत नाही.

फेल होणाऱ्या टेस्टमध्ये एक साम्य होतं: कोल्ड बूटनंतर (वीज तोडून पुन्हा दिल्यावर) बोर्ड कोऱ्या स्थितीत असेल असं त्या गृहीत धरत होत्या. रिले वीज तोडत होता, त्याचा 'टक' आवाजही येत होता. मल्टीमीटर लावला तर वीज 'बंद' असताना चिपच्या पुरवठ्याच्या पिनवर अडीच व्होल्टच्या वर दिसत होतं. वीज येत होती सिरीयल अडॅप्टरमधून! यूएआरटीची लाइन निवांत असताना हाय असते, म्हणजे ३.३ व्होल्ट. अडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणाऱ्या) पिनमधून ती वीज चिपच्या आरएक्स (घेणाऱ्या) पिनवर, तिथल्या संरक्षक डायोडमधून आत, आणि थेट पुरवठ्याच्या रेलवर. डायोडमध्ये थोडे व्होल्ट गळाले तरी चिपला तग धरायला उरलेले पुरेसे. त्यामुळे पॉवर-ऑन रीसेट होतच नव्हता आणि रॅममध्ये मागच्या टेस्टचे आकडे तसेच पडून होते. आधीची टेस्ट कोणती होती यावर पुढचीचा निकाल ठरत होता.

उपाय म्हणून रिले काढून टाकला नाही, आणखी एक लावला. आता पुरवठ्याबरोबर सिरीयलची लाइनही तुटते, आणि व्होल्टेज खरंच खाली आलं का हे स्क्रिप्ट एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या सर्किटने) मोजून बघते, मगच वीज परत देते. कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो, तेव्हा ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा मोजलेलं बरं. याच्या जोडीला प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर वाचून छापतो. 'पॉवर-ऑन' अपेक्षित असताना तिथे 'वॉचडॉग' (कोड अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) दिसलं की पुढची शोधाशोध निम्मी होते.

वॉचडॉगवरून आठवलं. बऱ्याच चिपमध्ये डीबगरने कोर थांबवला तरी वॉचडॉग मोजत राहतो, आणि ब्रेकपॉइंटवर उभं असताना बोर्ड हातातून निसटतो. त्यासाठी डीबगमध्ये वॉचडॉग गोठवणारा बिट असतो. पण वॉचडॉगचीच टेस्ट असेल तेव्हा तो बिट नको, डीबगरही सोडलेला हवा.

हार्डवेअरवर चालवण्याचा सगळ्यात गोड फायदा मला वेळेच्या टेस्टमध्ये दिसला. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तेवढे दिवस वाट कोण बघणार? टेस्ट बिल्डमध्ये काउंटर भरायला काही सेकंद बाकी असतानाच सुरू केला, आणि इंटरप्ट, रेडिओ, सेन्सर सगळं चालू ठेवून तो उलटताना पाहिला. 'आता वजा सुरुवात' असं लिहिलेले टाइमआउट नीट चालले. 'सुरुवात अधिक मुदत' असं आधी काढून थेट तुलना करणारे काही निकामी झाले.

फ्लॅशच्या झिजेचाही हिशोब ठेवावा लागतो. अनेक मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये १०,००० वेळा पुसण्या-लिहिण्याचीच हमी असते. हाताने काम करताना हा आकडा डोक्यात येत नाही, पण दर कमिटला फ्लॅश करणारी स्क्रिप्ट तो गाठू शकते. म्हणून बायनरी तीच असेल तर फ्लॅश करायचं टाळतो, छोट्या टेस्ट थेट रॅममधून चालवतो, आणि बोर्डचा फ्लॅश-काउंट एका फाइलमध्ये लिहितो.

अजून एक काम हातानेच होतं: स्लीपमधला करंट मोजणं. डीबगर जोडलेला असला की चिपचा डीबगचा भाग जागा राहतो आणि मायक्रोअँपिअरच्या जागी मिलिअँपिअर दिसतात. फ्लॅश करून झाल्यावर प्रोबची केबल काढावी लागते, मग वीज तोडून पुन्हा द्यायची, मग मोजायचं. प्रोबच्या दोन्ही लाइनवर अॅनालॉग स्विच बसवून हेही स्क्रिप्टकडे द्यायचं आहे. सर्किट काढून ठेवलंय, पीसीबी अजून बनवायला टाकलेला नाही.