भुऱ्याचे मागचे पाय आणि विहिरीवरचा हौद

कापूस वेचणी सुरू होती. रस्त्याच्या कडेला गाठोडी ठेवली होती आणि त्यांच्याजवळ राखणीला बसलेल्या आमच्या भुऱ्या कुत्र्याला एका मोटारसायकलनं उडवलं. मी धुऱ्यावरून धावत पोहोचले तेव्हा तो पुढच्या दोन पायांवर सरपटत माझ्याकडेच येत होता. मागचे दोन्ही पाय ओल्या फडक्यासारखे मातीत घासटत होते.

जवळच्या डॉक्टरांनी दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, कंबर गेली, उगाच हाल करू नका. पायाला हातसुद्धा लावून पाहिला नाही. त्याचा राग मला आजही आहे, कारण पाहायची गोष्ट पायाच्या बोटातच होती.

चौथ्या दिवशी गाडी करून त्याला नागपूरला, सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. एक्स-रेत मणका मोडलेला दिसला नाही. मग तिथल्या मॅडमनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून चांगलं जोरात दाबलं. भुऱ्यानं मान गर्रकन वळवली आणि केकाटला. माझ्या पोटात कालवलं. मॅडम म्हणाल्या, "हे ओरडणं चांगलं आहे." त्यांनी समजावलं की पाय नुसता आखडला तर त्यावर विसंबता येत नाही, तो झटका मेंदूला न कळताही बसतो. मान वळवून ओरडला म्हणजे दुखणं डोक्यापर्यंत पोहोचलं, मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही. आशा ठेवायला जागा आहे, पण मेहनत तुम्हालाच करावी लागेल.

पहिले तीन आठवडे नुसता आराम. जाड वाकळीवर निजवायचं, दर चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडावरची कातडी सडते. लघवी त्याला आपणहून होत नव्हती. पोटावर दोन्ही हातांनी हळूहळू दाब देऊन ती दिवसातून तीनदा काढायची हे मॅडमनी माझा हात धरून शिकवलं. फोनवर पाहून हे कुणी करू नये, मूत्राशयाला इजा होते.

मग पायांचे व्यायाम. इथं आमच्या आई कामी आल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांमागे त्यांचा खुबा मोडला होता, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि नंतर कित्येक महिने मी त्यांचा पाय वाकवायचा, सरळ करायचा, हेच करत होते. भुऱ्याला पाहून त्या खाटेवरून म्हणाल्या, "माह्या पायाले केलं ना, तसंच कर त्याले. मी मोजतो." आणि खरंच मोजायला लागल्या. आधी बोटं, मग घोटा, मग गुडघा, मग खुबा. एकेक सांधा पंधरा वेळा, दिवसातून तीनदा, दुखेपर्यंत ताणायचं नाही. शेवटी सायकल मारल्यासारखा अख्खा पाय फिरवायचा. मी दहावर थांबले की आई ओरडायच्या, "पाच राह्यले!"

पाचव्या आठवड्यात शेपटीचं टोक हललं. मी ते दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, मलाच भास वाटत होता.

पाण्याचं मॅडमनीच सुचवलं. मोठ्या शहरांत काचेच्या पेटीत पाणी भरून तळाशी फिरता पट्टा असतो, त्यावर कुत्र्याला चालवतात. आमच्याकडे विहिरीवर बैलांसाठी बांधलेला सिमेंटचा हौद. कुत्र्याच्या घोट्यापर्यंत पाणी असलं तर अंगाचं साधारण 91 टक्के वजन पायांवर राहतं, गुडघ्यापर्यंत 85 टक्के आणि खुब्यापर्यंत भरलं की 38 टक्केच. भुऱ्या 18 किलोचा, पाण्यात तो 7 किलोचा झाला. जमिनीवर ज्या पायांना त्याचा भार पेलत नव्हता, ते इथं टेकू लागले. शिवाय पाय पुढे टाकताना पाणी अडवतं, त्यानं स्नायूला काम मिळतं.

पोहायला मात्र सोडायचं नाही. खोल पाण्यात कुत्रं पुढच्या पायांनीच वल्ही मारतं, मागचे नुसते मागे तरंगतात. आपल्याला चालणं हवं. आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर कुत्र्याला कधीच उतरवू नका. त्या उतारावर नखं रोवत नाहीत, धडधाकट जनावर बुडतं.

हौदातलं शेवाळ मी घासून काढलं, तळाशी गोठ्यातली रबरी चटई टाकली. कंबरेची जखम पूर्ण भरल्यावर, डिसेंबरात सुरुवात केली. थंडीत विहिरीचं ताजं पाणी कोमट लागतं, ते मोटार लावून काढायचं, गरम पाण्याची एक बादली ओतायची आणि लगेच उतरायचं. पोटाखालून यांचा जुना दुपट्टा घालून मी त्याला धरायची. पहिल्या दिवशी तीन मिनिटं. तो थरथरत होता, माझ्या मांडीला चिकटून उभा होता. बाहेर काढून कानांसकट कोरडा पुसला, उन्हात बसवला. महिन्याभरानं दहा मिनिटं झाली आणि दुपट्टा हातात सैल लागायला लागला.

शेजारचा पोरगा विचारायचा, "एवढं काहून करता वो काकू कुत्र्यासाठी?" सात वर्षं रानडुकरांच्या जागलीला भुऱ्या माझ्या शेजारी बसला आहे. यांच्यानंतर त्या मचाणाखाली दुसरं कोण होतं?

जमिनीवर आल्यावर नवी अडचण. पंजा उलटा पडायचा, बोटांची वरची बाजू सोलून निघायची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मोजा केला, फिरवताना तेवढा वेळच बांधायचा. तूर निघाल्यावर अंगणात वीत वीत अंतरावर तुराट्या आडव्या मांडल्या. त्या ओलांडायला पाय उचलावाच लागतो. पहिल्या फेरीत त्यानं सगळ्या तुराट्या ओढत नेल्या. आईंनी पुन्हा मांडायला लावल्या.

आता मे आहे. भुऱ्या चालतो, कंबर झुलते, डावा पाय कमी पडतो, धावताना दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतो. मचाणापर्यंत येतो, मात्र मोटारसायकलचा आवाज आला की अजून माझ्यामागे दडतो. दुपारी हौदातलं पाणी चटके देतं, म्हणून संध्याकाळी नवं पाणी भरल्यावरच उतरवते. मोटार सुरू झाली की तो आधीच काठाशी जाऊन बसतो आणि आईंची खाट तिकडे सरकवावी लागते.