झांजा गेल्या, ढोल राहिला

1980च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट कोर्टात आमचं पेटंटचं अपील होतं आणि मी सीनियर वकिलांच्या शेजारी तांत्रिक कागद सांभाळत बसलो होतो. पेटंट ऑफिसचा आक्षेप पेटंट कायद्याच्या कलम 103चा होता: यात शोध कसला, हे कुणाही जाणकाराला सुचलं असतं.

व्हीएचएस, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या यंत्रात, फिरत्या ड्रमवर टेप वाचणारे दोन हेड असतात. त्यांच्या फटी उलट दिशांना सहा-सहा अंश कललेल्या. त्यामुळे शेजारच्या ट्रॅकवरचं चित्र हेडला जवळजवळ ऐकूच येत नाही, दोन ट्रॅकमध्ये कोरी पट्टी सोडावी लागत नाही, आणि तेवढ्याच टेपवर जास्त वेळ मावतो. रंगाचा सिग्नल मात्र खाली, 629 किलोहर्ट्झवर उतरवलेला. तिथे ही कलाची युक्ती लंगडी पडते आणि शेजारचे रंग झिरपतात. ही झिरप काढणारं सर्किट आमच्या संशोधकाने सुधारलं होतं. पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने दोन जुने कागद काढले, एकात कललेले हेड, दुसऱ्यात रंगाचं सर्किट, आणि लिहिलं की दोन्ही जोडले की झालं.

मला त्याचा मनापासून राग होता. मागाहूनच्या शहाणपणाने शोध तोलू नका, हे सुप्रीम कोर्टाने 1966 सालीच ग्रॅहम खटल्यात बजावलं होतं. शिवाय कललेल्या हेडचा तो कागद कृष्णधवल चित्रापुरता होता, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला हा उपाय चालत नाही असं त्यातच छापलं होतं. रंगावर काम करणारा माणूस ते वाचून मागेच फिरला असता.

आमची पंधरा मिनिटं सरत आली होती. मधल्या न्यायाधीशांनी विचारलं, "खालच्या फ्रिक्वेन्सीला का चालत नाही?" सीनियर समीकरणाकडे वळणार एवढ्यात मला सांगलीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवलं. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू जरा फिरला की तबल्याची चाट नाहीशी व्हायची, डग्गा मात्र जसाच्या तसा घुमायचा. मी चिठ्ठी सरकवली: "कॅसेटचं हेड कललं की झांजा जातात, ढोल राहतो. आपला रंग म्हणजे ढोल."

सीनियरनी ते शब्दशः वाचलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि त्या कागदाचं पान नेमकं कितवं, ते विचारून घेतलं. तेवढ्यात लाल दिवा लागला.

काही महिन्यांनी निकाल आला. पेटंटमधला पहिला, सगळ्यात रुंद क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, गेला, सर्किटचा टिकला. संशोधकाला फोन केला तेव्हा पहिल्याबद्दल त्याने काही विचारलंच नाही. "सर्किट राहिलं ना?" एवढंच म्हणाला, आणि मी हो म्हटल्यावर बराच वेळ फोनवर काही बोलला नाही.