गुणांकनात न बसणारा पाऊस

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझे बहुतेक काम अपघातग्रस्तांच्या तातडीच्या शस्त्रक्रियांचे असते. आमचे काम म्हणजे रुग्णाला झोपवणे, असा सर्वसाधारण समज आहे. गंभीर जखमींच्या बाबतीत तो भाग काही मिनिटांत उरकतो आणि पुढचे तास रक्त, द्रव, श्वास आणि उष्णता यांचा जमाखर्च सांभाळण्यात जातात. या चारांपैकी उष्णतेला आमच्या क्षेत्रात सर्वांत कमी मान आहे, आणि पुढील दोन रुग्णांविषयी लिहिण्याचे कारणही तेच आहे.

भर पावसात रात्री एक मालवाहू गाडी उलटली. चालक केबिनमध्ये चेपला गेला होता; त्याला पत्रा कापून काढावे लागले. त्याचा सोबती बाहेर फेकला जाऊन रस्त्याकडेच्या पाण्याने भरलेल्या चरात पडला होता आणि गाडीत दुसरा माणूस होता हेच मदतीला आलेल्यांना बराच वेळ कळले नव्हते. त्यामुळे दोघे आमच्याकडे जवळजवळ एकाच वेळी पोहोचले.

आम्ही जखमांची तीव्रता एका गुणांकनाने मोजतो. १९७४ साली मांडलेली ही पद्धत सोपी आहे: शरीराचे सहा विभाग मानायचे, सर्वाधिक दुखावलेल्या तीन विभागांतील सर्वांत गंभीर जखमेच्या श्रेणीच्या आकड्याला त्याच आकड्याने गुणायचे आणि तिन्हींची बेरीज घ्यायची. चालकाची छाती चेपलेली, मांडीचे हाड मोडलेले आणि यकृताला लहानशी चीर, म्हणून १६ अधिक ९ अधिक ४, एकूण २९. सोबत्याची प्लीहा फाटलेली, कटीच्या हाडांचा अस्थिभंग आणि चेहऱ्याचे एक हाड मोडलेले, म्हणजे ९ अधिक ९ अधिक ४, एकूण २२. कागदावर चालकाची चिंता अधिक होती, आणि आमच्यापैकी अनुभवी मंडळी त्याच्याच खाटेभोवती जमली.

सोबत्याच्या केसपेपरवर तापमानाच्या रकान्यात ‘ताप नाही’ असे लिहिलेले होते. ते खोटे नव्हते. आमच्या विभागात जो तापमापक होता त्याची मोजपट्टीच ३५ अंश सेल्सिअसपासून सुरू होत होती. तो ताप शोधण्यासाठी बनवलेला आहे, गारठा शोधण्यासाठी नव्हे. श्वासनलिकेत नळी घातल्यावर मी अन्ननलिकेत तापमानाचा संवेदक सरकवला, तेव्हा मॉनिटरवर आकडा आला ३२.८. शेजारच्या शस्त्रक्रियागृहातील चालकाचा आकडा ३५.६ होता.

ती रात्र काही कडाक्याच्या थंडीची नव्हती. मात्र पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि ज्याचे रक्त वाहून गेले आहे त्याचे शरीर पुरेशी उष्णता तयारही करू शकत नाही. तशात आम्ही स्नायू शिथिल करणारे औषध दिले की उरलीसुरली हुडहुडीही थांबते. त्यानंतर रुग्णाचे हवामान म्हणजे आमची खोली.

या खोलीविषयी थोडे सविस्तर लिहितो. शल्यचिकित्सक दुहेरी झगे घालून दिव्याखाली उभे असतात, त्यांना उकडते, म्हणून खोली थंड ठेवली जाते. आणि टेबलावर जो माणूस उघड्या पोटाने पडलेला आहे, त्याचे मत विचारण्याची सोय नसते. “डॉक्टर, एसी जरा वाढवा ना, घाम गळतोय,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्या रात्री ते येण्यापूर्वीच मी यंत्र बंद करवले होते. शल्यचिकित्सकाने नाराजी लपवली नाही, पण हातही थांबवले नाहीत, आणि त्याचे हात उत्तम आहेत हे मी कोठेही सांगेन.

दुसरा भाग द्रवांचा. खोलीच्या तापमानाचे एक लिटर सलाईन, किंवा रक्तपेढीच्या शीतपेटीतून ४ अंशांवर आलेली रक्ताची एक पिशवी, प्रौढ माणसाचे तापमान साधारण पाव अंशाने उतरवते. म्हणजे ज्या पिशव्या जीव वाचवण्यासाठी चढवायच्या, त्याच चार पिशव्या न तापवता दिल्या तर एक अंश हिरावून घेतात. साध्या तापक यंत्रातून रक्त फार वेगाने सोडले तर ते पुरेसे तापत नाही, आणि संथ सोडले तर यंत्रापासून शिरेपर्यंतच्या नळीत पुन्हा निवते. म्हणून ती नळी आखूड ठेवावी लागते आणि यंत्र रुग्णाच्या खांद्याशी टांगावे लागते. आमच्या तंत्रज्ञाने हे सारे कोणी न सांगता केले. पिशव्या गरम पाण्याच्या बादलीत बुडवण्याचा सल्ला मात्र एका वरिष्ठांनी दारातून डोकावून दिला. तसे केल्यास रक्तपेशी फुटतात, हे त्यांना ठाऊक असायला हवे होते.

शस्त्रक्रिया पुढे सरकत नव्हती. प्लीहा काढून झाली, ओटीपोटात कापडी घड्या दाबून बसवल्या, तरीही जेथे एकही फाटलेली वाहिनी दिसत नव्हती अशा पृष्ठभागांतून रक्त झिरपत राहिले. गुठळ्या धरत नव्हत्या. प्रयोगशाळेचा अहवाल आला तो जवळजवळ सामान्य. प्रयोगशाळा नमुना आधी ३७ अंशांवर आणते आणि मग तो गोठायला किती वेळ लागतो ते मोजते. गोठण्याच्या प्रक्रियेतील विकरे आणि रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) गारठ्यात मंदावतात, पण परीक्षानळीत त्या पुन्हा ताज्यातवान्या होतात. तो अहवाल एका उबदार माणसाचा होता. आमच्यापुढे तसा माणूस नव्हता. माझ्या निवासी डॉक्टरने अहवाल मोठ्याने वाचून दाखवला आणि “मग अडचण कुठे आहे?” असे विचारले. त्या प्रश्नावर एक पूर्ण व्याख्यान देता आले असते. मी फक्त मॉनिटरकडे बोट दाखवले.

शल्यचिकित्सकाने दुरुस्तीचा हट्ट सोडला, पोट तात्पुरते झाकले आणि आम्ही रुग्णाला अतिदक्षता विभागात नेले. गरम हवेचे पांघरूण, तापवलेले द्रव, कॅल्शियम, प्लाझ्मा, रक्तबिंबिका, सारे चालू राहिले. तापमान ३४ पर्यंत चढले. रक्तातील आम्लता उतरली नाही. पहाटे तो गेला. चालक, ज्याचा गुणांक सात अंकांनी अधिक होता, काही आठवड्यांनी कुबड्या घेऊन घरी गेला.

गारठा जीव वाचवतो, हेही लोक ऐकून असतात, आणि ते निराधार नाही. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालच्या प्रवाहात अडकलेल्या अ‍ॅना बोगेनहोल्म यांचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते आणि त्या वाचल्या. पण त्यांना रक्तस्राव होत नव्हता. हृदय थांबण्यापूर्वी मेंदू थंड होणे एक, आणि वाहत्या जखमेसह थंड होणे दुसरे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ७१ गंभीर जखमींच्या अभ्यासात, ज्यांचे तापमान ३२ अंशांखाली उतरले त्यांपैकी कोणीही वाचले नव्हते. त्यावरचा आक्षेप जुना आणि रास्त आहे: ज्याची जखम मोठी, त्याचे रक्त अधिक जाते आणि तोच अधिक थंड पडतो, तेव्हा गारठा हे कारण की नुसती खूण? एरवी या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. या दोघांत मात्र क्रम उलटा होता. ज्याची जखम कमी तोच अधिक थंड होता, आणि कारण उघड होते. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही. कटीच्या अस्थिभंगातून किती रक्त जाईल हे गुणांकन नीट सांगत नाही, आणि त्याला उशिरा शोधले गेले हेही खरे.

मृत्यूंच्या आढावा बैठकीत कारण नोंदले गेले ते रक्तस्रावजन्य आघात (शॉक). मी तापमानाची नोंद जोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा “पोटातून रक्त जात असताना हवामानाचे काय घेऊन बसलात?” असे मला विचारण्यात आले. अखेर ३५ अंशांखाली मोजणारे तापमापक मागवण्याचे ठरले, आणि दाखल होताच तापमान लिहिण्याचा रकाना छापील कागदावर आला. रुग्णवाहिकेत सोबत्याचे ओले कपडे काढले होते का आणि आत वातानुकूलन चालू होते का, हे मी नंतर विचारून पाहिले. गाडीत बसलेल्यांना रक्तदाबाचे सगळे आकडे तोंडपाठ होते, पण हे दोन प्रश्न त्यांना त्यापूर्वी कोणी विचारलेलेच नव्हते.