पाडव्याला काळा टी-शर्ट

आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आमच्याकडे सोमवारची रात्र होती आणि कोल्हापुरात मंगळवारची सकाळ. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. तिने आधी फोन गुढीकडे धरला. साखरेची गाठी, कडुलिंबाची डहाळी, नेहमीसारखा किंचित तिरका झालेला तांब्या. मग मला नीट बघितलं आणि म्हणाली, "सणादिवशी काळं घातलंस व्हय गं?"

घातलं होतं. काळा टी-शर्ट, छातीवर सोनेरी अक्षरांत 'पर्ड्यू'. त्यांचे रंगच ते, मी काय करणार! कॉलेज बास्केटबॉलचा देशाचा अंतिम सामना रात्री ९:२० ला, म्हणजे तुमच्या सकाळी ६:५० ला सुरू झाला होता आणि आमच्या दिवाणखान्यात पाच जण श्वास धरून बसले होते.

"आमचं कॉलेज खेळतंय," मी म्हटलं.

"तू कधी शिकलीस तिथं?"

शिकले नाही. नवरा तिथे संशोधन करतो, मी नदीपलीकडे एका कंपनीत हिशेब बघते. तरीही तोंडातून 'आमचं' निघालं, आणि ते का निघालं हे सांगायलाच आज लिहायला बसले.

आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये वेस्ट लाफायेतला आलो. इंडियाना राज्यातलं, वाबाश नदीकाठचं गाव. शिकागो दोन तासांवर, इंडियानापोलिस तासाभरावर, मध्ये मका आणि सोयाबीन. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली: शेतातल्या कोठाराच्या भिंतीवर बास्केटबॉलचं कडं, घरापुढे कडं, चर्चच्या मागे कडं. देशातल्या शाळांची सर्वांत मोठी बास्केटबॉल सभागृहं बहुतेक याच राज्यात आहेत. काही गावांत तर गावच्या लोकसंख्येपेक्षा खुर्च्या जास्त असतील अशी शंका येते. पर्ड्यूच्या मॅकी अरीनात चौदा हजारांवर लोक बसतात आणि ते भरलेलं असतं.

इथल्या बाकीच्या भारतीय मंडळींना याचं नवल वाटतं. "पोरांच्या सामन्यांना एवढं काय?" मला नाही वाटलं, कारण मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर तालमींचा फुटबॉल सामना असला की पेठेत दुपारी दुकानाची शटर खाली येतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. युरोपातले क्लब टीव्हीवर बघायचे, पण भांडायचं ते पेठेसाठी. इथेही तेच आहे.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. सत्तरीपुढचे, जन्म इथलाच. मॅकीतल्या दोन खुर्च्या त्यांच्या नावावर कित्येक वर्षं आहेत. मुलगा टेक्सासला गेल्यापासून दुसरी खुर्ची कुणाला द्यायची हा प्रश्न होता, तो त्यांनी व्यवहाराने सोडवला: जो त्यांच्या दारातला बर्फ उपसेल, त्याला तिकीट. बर्फ नवरा उपसतो. सामन्याला मी जाते. यावर घरात चर्चा झालेली आहे, निकाल माझ्या बाजूने लागलेला आहे.

आजोबांकडे एक वही असते. शाळकरी, आखीव, पेन्सिलीने लिहिलेली. गुण ते लिहितच नाहीत. "गुण पेपरात येतात," म्हणतात. त्यांचे रकाने वेगळे: चेंडू किती वेळा हातचा घालवला, बाहेरच्या मैदानावर शेवटच्या पाच मिनिटांत काय झालं, आणि लांबून मारलेले किती पडले. तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेले, ज्याला इथे नुसतं 'थ्री' म्हणतात.

नोव्हेंबर ते मार्च सगळं गाव एकच हिशेब करत असतं: स्पर्धेत घेतील का, घेतलं तर एक ते सोळापैकी कितवं मानांकन, आणि मग कुठपर्यंत जाऊ. २०२४ मध्ये मार्चच्या बाद फेरीत ६८ संघ होते. त्यातले ३२ आपापल्या गटाची स्पर्धा जिंकून थेट आले आणि ३६ समितीने बंद दाराआड निवडले. समितीसमोर 'नेट' नावाची क्रमवारी असते आणि प्रत्येक विजयाची प्रतवारी. पहिल्या प्रतीचा विजय म्हणजे घरच्या मैदानावर क्रमवारीतल्या पहिल्या ३० पैकी कुणाला तरी हरवणं, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या ५० पैकी, आणि त्यांच्या घरी जाऊन पहिल्या ७५ पैकी. वानखेडेवरचा विजय आणि पर्थचा विजय एका तराजूत घालायचा नाही, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

शिवाय केन पोमरॉय नावाच्या गृहस्थाची आकडेवारी सगळे पोथीसारखी वाचतात. हा माणूस मूळचा हवामानशास्त्रज्ञ. संघाने सामन्यात किती गुण केले याला तो फारसा भाव देत नाही. चेंडू शंभर वेळा हाती आला तर किती गुण करतात आणि समोरच्याला किती करू देतात, हे तो प्रतिस्पर्धी किती तगडा ते धरून काढतो. आजोबा ते वाचतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "पाऊस पडणार हे त्याला कळतं. माझं छप्पर कुठे गळतं ते मला माहीत आहे."

छप्पर गळताना मी पहिल्याच वर्षी बघितलं. १७ मार्च २०२३, शुक्रवार. पर्ड्यूला पहिलं मानांकन, समोर सोळावं मानांकन असलेलं न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन. पहिल्या दर्जाच्या ३६३ कॉलेजांत सरासरी उंचीने सर्वांत बुटका संघ. त्यांनी स्वतःच्या गटाची स्पर्धासुद्धा जिंकली नव्हती. अंतिम सामना एका गुणाने हरले होते, पण जिंकणारं कॉलेज नियमाने अपात्र होतं म्हणून हे आत आले. आमच्याकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच. ऑफिसात सगळ्यांनी ब्रॅकेट भरलं होतं, म्हणजे सुरुवातीचे चार पात्रता सामने सोडून उरलेल्या ६३ सामन्यांच्या विजेत्यांची नावं आधीच लिहून द्यायची. (सगळी बरोबर येण्याच्या वाटा मोजल्या तर एकोणीस आकडी संख्येत एक. म्हणून कुणी लाजत नाही.) मी नवी सून म्हणून इमानाने पर्ड्यूला विजेता केलं होतं.

६३-५८ ने हरलो. १९८५ मध्ये ६४ संघांची स्पर्धा सुरू झाल्यापासून सोळाव्याने पहिल्याला हरवायची ही फक्त दुसरी वेळ. त्या बुटक्या पोरांनी ईडीला पुढून-मागून असं गराडलं की चेंडू त्याच्यापर्यंत पोचेना. बाहेर मोकळे उभे असलेल्यांनी २६ थ्री मारले, पडले पाच.

दुसऱ्या दिवशी आजोबा गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडत होते. मी काय बोलावं या विचारात, तर तेच म्हणाले, "तेरावं, पंधरावं, सोळावं." मला कळलं नाही. नवऱ्याने नंतर उलगडून सांगितलं: २०२१ मध्ये तेरावं मानांकन असलेल्या नॉर्थ टेक्सासकडून, २०२२ मध्ये पंधराव्या सेंट पीटर्सकडून, आणि आता सोळाव्याकडून. खाली उतरायला आणखी पायरीच उरली नव्हती.

आता २०२३-२४ चा हंगाम. मला खरं तर यावरच लिहायचं होतं, पण आदल्या वर्षाशिवाय तो समजत नाही. संघ जवळपास तोच. ईडी परत आला. वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरूनही परत आला. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर ही दोन इंडियानाची पोरं एका वर्षाने मोठी झाली. नवा आला तो लान्स जोन्स, सदर्न इलिनॉयहून. नोव्हेंबरात होनोलुलूला गोंझागा, टेनेसी आणि मार्केट या तिन्ही कॉलेजांना लागोपाठ हरवलं. डिसेंबरात अॅरिझोना देशात पहिल्या क्रमांकावर होतं, त्यांना इंडियानापोलिसमध्ये ९२-८४. आकडे ओरडून सांगत होते की हा संघ थेट शेवटपर्यंत जाईल.

गाव ऐकत नव्हतं. किराणा दुकानात गल्ल्यावरची बाई म्हणे, "मार्चमध्ये बघू." टायर बदलणारा म्हणे, "मार्चमध्ये बघू." जिंकलेल्या रात्री मॅकीतून बाहेर पडणारी माणसं एखाद्या बरं झालेल्या पेशंटला भेटून आल्यासारखी हळू बोलत. नेब्रास्काकडे ८८-७२ असा मार खाल्ला तेव्हा तर काहींच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. बघा, म्हटलं नव्हतं?

मी आजोबांशी वाद घातला. मला जखम एकच, त्यांना चाळीस वर्षांच्या. १९८० नंतर पर्ड्यू अंतिम चारांत गेलंच नव्हतं. संघाचा प्रशिक्षक मॅट पेंटर ज्यांच्या हाताखाली खेळला त्या आधीच्या प्रशिक्षक जीन केडींनाही पंचवीस वर्षांत ते जमलं नाही. मी म्हटलं, या वर्षी थ्री चाळीस टक्क्यांच्या आसपास पडतायत, देशात वरच्या दोन-चार संघांत आहोत, आता ईडीला गराडून दाखवा! आजोबा वहीची पानं मागे उलटत म्हणाले, "बरोबर. म्हणून शहाणा माणूस गराडणार नाही. तो ईडीला एकट्याला खेळू देईल आणि बाकीच्या चौघांना मारूच देणार नाही. मग?" तेव्हा जानेवारी होता. मी म्हटलं, असं कोण करेल, ईडी एकटा चाळीस करेल की.

निवडीचा रविवार १७ मार्चला आला. बरोबर त्याच तारखेला, वर्षाने. पर्ड्यूला पुन्हा पहिलं मानांकन मिळालं, ते अपेक्षितच होतं. राज्याचं लक्ष खरं दुसरीकडे होतं: टेअर होटचं इंडियाना स्टेट. बास्केटबॉलमधल्या दिग्गज लॅरी बर्डचं कॉलेज, १९७९ मध्ये मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटविरुद्ध अंतिम सामना खेळलेलं. यंदा २८ विजय, ६ पराभव, 'नेट' क्रमवारीत पहिल्या तिसांत, आणि गॉगलसारखा चष्मा घालून खेळणारा लाडका रॉबी अविला. पण गटाची अंतिम लढत ड्रेककडून हरले आणि बुडबुड्यावर जाऊन बसले. काठावरच्या संघांना इथे खरंच 'बुडबुडा' म्हणतात. त्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पाच दिवसांत पाच सामने जिंकून आपल्या गटाचं थेट तिकीट मिळवलं. एरवी त्यांना कुणी विचारलं नसतं. अशी एकेक जागा कमी होत गेली आणि इंडियाना स्टेट बाहेर राहिलं. क्रमवारी समितीच्याच टेबलावरची, आणि समितीनेच ती बाजूला ठेवायची? मोठ्या गटातल्या कॉलेजला हे सोसावं लागलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रॅकेट भरायला मी आजोबांकडे गेले. त्यांचा कागद बघून चकित झाले. सगळी नावं पेन्सिलीने व्यवस्थित, पण पर्ड्यूच्या रांगेत प्रत्येक फेरीला कोरी रेघ. "ते नाव पुढे लिहायचं नाही," म्हणाले. म्हटलं, आमच्याकडे याला नजर लागणं म्हणतात. मी पुरेशी शहाणी झाले होते. पर्ड्यूला टेनेसीकडून हरवलं, अंतिम चाराच्या उंबऱ्यावर. तर्क असा की होनोलुलूत चारच गुणांनी जिंकलो होतो; तेच संघ पुन्हा भिडले की आधी हरलेला तयारीने येतो.

पहिले सामने सोपे गेले. ग्रॅम्बलिंग स्टेटला ७८-५०, युटा स्टेटला १०६-६७, मग डेट्रॉइटमध्ये गोंझागाला ८०-६८. आणि ३१ मार्चला, ईस्टरच्या रविवारी, टेनेसी. त्यांच्या डाल्टन कनेक्टने ३७ गुण केले. ईडीने ४०. शेवटाकडे जोन्सने कोपऱ्याकडून एक थ्री मारला, आजोबा उभे राहिले आणि पुन्हा बसलेच नाहीत. ७२-६६. माझं ब्रॅकेट फाटलं आणि मी सोफ्यावर नाचत होते. आजोबा त्यांच्या कागदापाशी गेले, कोऱ्या रेघेवर नाव लिहिलं आणि गेल्या तीन फेऱ्यांचीही भरून काढली. हा सरळ गुन्हा आहे, पण ऑफिसात मी कुणाला सांगितलं नाही.

उपांत्य फेरीत अॅरिझोनातल्या ग्लेंडेलला त्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेटला ६३-५० ने हरवलं. आणि आला ८ एप्रिल. सोमवती अमावस्या आणि खग्रास सूर्यग्रहण. आईने आदल्या दिवशी बजावलं होतं, "आपल्याकडं दिसत नाही, आपल्याला पाळायचं नाही. तुमच्याकडं दिसतंय, तू पाळ." वेस्ट लाफायेत खग्रास पट्ट्याच्या जेमतेम बाहेर होतं म्हणून आम्ही उलट गाडी काढून दक्षिणेला क्रॉफर्ड्सव्हिलला ग्रहण गाठायला गेलो. मैदानात निम्मी माणसं काळ्या-सोनेरी कपड्यांत. तीन वाजून गेल्यावर अंधारलं, रस्त्यावरचे दिवे लागले, कुत्री गप्प झाली. काळ्या चकतीभोवती फिकट सोनेरी कडं. मागून कुणीतरी ओरडलं, "पर्ड्यूचे रंग!" सगळं मैदान हसलं. मला मात्र पोटात कसंतरी झालं.

रात्रीचं थोडक्यात सांगते. समोर युकॉन, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठ. त्यांनी ईडीला गराडलं नाही. त्यांच्या सात फूट दोन इंची क्लिंगनने जमेल तसं एकट्याने त्याला अडवलं आणि बाकीचे चौघे आमच्या थ्री मारणाऱ्यांच्या अंगाला चिकटून राहिले. ईडीने ३७ केले. पण अख्ख्या संघाला लांबून फक्त सात वेळा मारायला मिळालं, पडला एक. मध्यंतराला ३६-३०, शेवटी ७५-६०. युकॉन सलग दुसऱ्यांदा विजेते. जानेवारीतलं वहीचं पान आजोबांनी उलटून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सामना संपला तेव्हा कोल्हापुरात नऊ वाजले होते. आईने परत फोन केला. मी तिला २६ पैकी पाच, सातपैकी एक, असं सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"ते सगळं खरं. पण अमावस्येला गिराण, पाडव्याला काळं. त्या म्हाताऱ्याच्या वहीत याचा रकाना हाय का?"

दुसऱ्या दिवशी श्रीखंडाची वाटी घेऊन गेले तेव्हा आजोबांना हे सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी वही ओढली, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "सोनेरी चालतं ना?"